स्टेजवर इफेक्ट आणि रेकॉर्डिंग, दोन्ही एकाच लॅपटॉपवर: चालेल की नको?

मंद्रसप्तक
गेली तीन वर्षं आमच्या ग्रूपमध्ये गिटार आणि गायिकेचा आवाज मी लॅपटॉपमधून नेतोय. रिव्हर्ब (आवाजाची घुमक), डिले, कॉम्प्रेसर असे सगळे इफेक्ट सॉफ्टवेअरमध्ये, शिवाय प्रत्येक माइक वेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड. गाणं बदललं की फूटस्विचवर एकदा पाय ठेवायचा, अख्खं सेटिंग बदलतं.

लोक लेटन्सीची, म्हणजे आवाज उशिरा पोचण्याची, भीती घालतात. लॅपटॉप आवाज तुकड्यातुकड्याने हाताळतो, त्या तुकड्याला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४८,००० सॅम्पल, म्हणजे आवाजाचे नमुने) १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद. आत येताना एकदा, बाहेर जाताना एकदा, वर इंटरफेसचा (माइक-गिटार लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्याचा) स्वतःचा वेळ. माझ्याकडे सगळं मिळून सात-आठ भरतं. हवेत आवाजाला एक मीटर जायला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे ॲम्पपासून अडीच मीटरवर उभं राहून वाजवल्यासारखं. लॅपटॉपला नाही म्हणायला मला तरी कारण दिसत नाही.

जॅकपिन
गिटारचं मान्य. गायिकेचं मुळीच नाही.

गाणारा माणूस स्वतःचा आवाज हाडांतून त्याच क्षणी ऐकत असतो. इन-इअरमधून (स्टेजवर कानात घालायच्या इअरफोनमधून) तोच आवाज सात-आठ मिलिसेकंद मागून आला की दोन्ही एकमेकांत मिसळतात, काही फ्रिक्वेन्सी कापल्या जातात आणि आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा लागतो. मग ती जोर लावते, गळा ताणते. अडीच मीटरचा हिशोब तिच्या काय कामाचा?

कोरडा, म्हणजे इफेक्ट न लावलेला, आवाज मिक्सरमधून थेट कानात द्या. लॅपटॉपकडून फक्त रिव्हर्ब परत घ्या. रिव्हर्ब थोडा उशिरा आला तर कळतसुद्धा नाही. प्री-डिले, म्हणजे रिव्हर्बच्या आधीचा छोटा उशीर, आपण मुद्दाम ठेवतोच की.

पडद्यामागून
तुम्ही दोघं मिलिसेकंदांवर अडलात. माझा प्रश्न भरवशाचा आहे.

एका कार्यक्रमात दुसऱ्या अंतऱ्याला तडतड सुरू झाली, मग क्षणभर आवाजच गेला. गायक थांबला, तबला एकटाच पुढे गेला. प्रोसेसरचा लोड तेव्हा ३० टक्केसुद्धा नव्हता! दुसऱ्या दिवशी शोधलं तर वाय-फाय चालू राहिलेलं, त्याचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) मधूनच प्रोसेसर अडवून धरत होता. १२८ सॅम्पलचं काम २.७ मिलिसेकंदांत उरकलंच पाहिजे, दर खेपेला. एक खेप हुकली की आवाजात भोक. सरासरी लोड कमी असून काय उपयोग? इफेक्टच्या वेगळ्या पेडलला दुसरं कामच नसतं, म्हणून ते फसत नाही.

आणि रेकॉर्डिंगला लहान बफर लागतच नाही. १०२४ ठेवला, २१ मिलिसेकंद उशीर झाला, तरी ट्रॅकचं काही बिघडत नाही. एकाच मशीनवर दोन्ही केलं की लाइव्हचा धोका रेकॉर्डिंगच्याही गळ्यात पडतो.

मंद्रसप्तक
वाय-फाय, ब्लूटूथ, वीज बचतीचं सेटिंग, अपडेट, हे सगळं बंद केल्याशिवाय मी सुरुवातच करत नाही. तेवढं केलं तर तुमच्यासारखा प्रसंग सहसा येत नाही. रेकॉर्डिंगचा भारही फार नसतो: २४ बिटचे १६ ट्रॅक म्हणजे सेकंदाला २.३ एमबी, तासाला साधारण ८.३ जीबी. एसएसडीला हे काहीच नाही.

पण बफरचा मुद्दा पटला. दोन कामांना उलट गोष्टी हव्या असतात, हे मी सोयीसाठी नजरेआड केलं होतं.

पडद्यामागून
मग एकच सांगा. गाण्याच्या मध्यात तुमचा लॅपटॉप बंद पडला तर लोकांना काय ऐकू येईल?

मंद्रसप्तक
आत्ताच्या जोडणीत गिटार आणि गायिका, दोघांचाही आवाज जाईल.

जॅकपिन म्हणतात तसं केलं तर गायिकेचा राहील, फक्त रिव्हर्ब जाईल. गिटारसाठी लॅपटॉपच्या आधी डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल दोन वाटांना देणारा डबा) लावतो, त्याच्या थ्रूमधून, म्हणजे सिग्नल जसाच्या तसा पुढे देणाऱ्या जॅकमधून, एक वायर ॲम्पला. रेकॉर्डिंग मिक्सरच्या यूएसबीवरून दुसऱ्या जुन्या लॅपटॉपवर, बफर १०२४. इफेक्ट मात्र लॅपटॉपवरच राहणार, ते मी सोडणार नाही.

जॅकपिन
तालमीत मुद्दाम लॅपटॉपची यूएसबी वायर उपटून बघा. गायिकेला आधी सांगू नका.