नववीच्या पोरांपुढं अस्सल कागद ठेवायचे की नाही?

करवीरचा मास्तर :
काल इथं एकानं लिहिलं, "पोरांना धड मराठी वाचता येईना आणि मास्तरांना मूळ कागदांचं खूळ. इतिहास पुस्तकातनं शिकवा, कीस पाडू नका." रात्रभर डोक्यातनं जाईना, म्हणून लिहितोय.

26 जुलै 1902 चा जाहीरनामा आम्ही दरवर्षी सांगतो. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के मागासलेल्यांना दिल्या, टाळ्या, पुढचा धडा. गेल्या वर्षी मी त्याच्या झेरॉक्स काढून बाकाबाकावर ठेवल्या. मागासलेले म्हणजे कोण, ते त्यातच लिहिलंय : ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. मागच्या बाकावरचा पोरगा उठून म्हणाला, "सर, म्हणजे आम्हीपण?" मग एका मुलीनं शेवटाकडं बोट ठेवलं. नवीन नेमणुकांचा तक्ता खातेप्रमुखांनी दर तीन महिन्यांनी पाठवायचा, असं तिथं आहे. ती म्हणाली, "नुसता हुकूम काढून साहेब लोक ऐकणार नाहीत, हे महाराजांना ठाऊक होतं." हे कुठल्या गाइडात आहे, दाखवा मला.

पन्हाळ्याचा पाहुणा :
ती पोस्ट माझीच, आणि मी मागं घेत नाही. दहावीला इतिहास-राज्यशास्त्र मिळून 40 गुण, आठवड्याला मोजके तास, त्यात निवडणुकीची कामं. तुमचा एक कागद दोन तास खातो. मग 1857 कधी शिकवणार? दुसरं, जातींची नावं भर वर्गात वाचून घेतलीत, त्या घरची पोरं त्याच बाकांवर होती की नाही? ती घरी काय घेऊन गेली, विचारलंत? आणि शिवकालीन, ताराराणींच्या काळातले कागद काढलेत तर ते जुन्या मोडी लिपीत. तुम्हाला मोडी येते का? येत नसेल तर दुसऱ्यानं केलेलं लिप्यंतर वाचणार. मग ते आणि पुस्तक यात फरक काय राहिला?

आज्जीचा नातू :
मोडीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आमच्या घरात आज्जीच्या वाटणीचा कागद होता, पत्र्याच्या पेटीत, फडक्यात बांधलेला. एका वाचकाकडं नेला, त्यानं पैसे घेतले आणि म्हणाला, विहिरीचा उल्लेख नाही. सात वर्षं आम्ही चुलत्यांकडं पाण्यासाठी हात पसरले. नंतर दुसऱ्यानं वाचला, तर चौथ्या ओळीत "विहिरीत चार आणे हिस्सा" आणि आठ दिवसांनी एक पाळी, स्वच्छ लिहिलेलं. मोडीत शब्द तोडत नाहीत, ओळभर एकच रेघ. पहिल्यानं ती ओळच सोडली होती. आज्जी तोवर गेली. घरातल्या एकाला जरी मोडी आली असती तर? पाचवीपासनं मोडी सक्तीची करा, बाकी चर्चा नंतर.

निवृत्त कारकून :
सक्ती म्हणे! अक्षरओळख पंधरा दिवसांत होते, कागद वाचायला वर्षं लागतात. जुन्या कागदात साल अरबी आकड्यांच्या शब्दांत असतं. "सबा अशर मया व अलफ" दिसलं की आधी 1117 हा आकडा काढायचा, मग त्यात 599 मिळवून इसवी सन 1716 गाठायचं. नववीच्या पोरावर हे लादणार?

आज्जीचा नातू :
लादणार! 2023 ला मराठा आरक्षणासाठी जुन्या कागदांत कुणबी नोंदी शोधायला निघाले तेव्हा मोडी वाचणारी माणसं हुडकत फिरावं लागलं सरकारला. तुम्ही आयुष्यभर दप्तरात बसलात, किती जणांना शिकवलीत?

निवृत्त कारकून :
तोंड सांभाळून बोला. सहा जणांना शिकवली, एक पैसा न घेता. त्यातला एकच टिकला. पोरं येत नाहीत याचं दुःख तुमच्यापेक्षा मला जास्त आहे.

नववीतल्या मुलीची आई :
आमच्याही शाळेत हा प्रयोग झाला. पोरीनं जाहीरनाम्यातल्या त्या नावांच्या ओळीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, फक्त तेवढाच. दोन दिवस भावकीत भांडण, आत्यानं ग्रुप सोडला. तारीख, वर्ष, त्या वेळी दरबारात नोकरीला कोण होतं, काही नाही. मास्तर, अर्धा कागद घरी जातो तेव्हा निस्तरायला आम्ही असतो.

करवीरचा मास्तर :
ताई, हे खरं आहे, माझ्या मनात आलं नव्हतं. उतारा नको, पूर्ण कागदच द्यायला हवा. जातीच्या नावांबद्दल पाहुण्यांचं म्हणणंही मी धरतो. आधी त्या पोरांशी बोलायला हवं होतं.

पण लिप्यंतर आणि पुस्तक एकच, हे साफ चूक. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं पत्र घ्या. रात्री दिवा जळत ठेवाल, उंदीर वात ओढून नेईल, गवत पेटेल, घोडी मरतील, असं बजावलंय. पुस्तक सांगतं, महाराज रयतेची काळजी घ्यायचे. उंदरापर्यंत विचार करणारा राजा त्या पत्रातच भेटतो, लिप्यंतरात वाचलं तरी.

पन्हाळ्याचा पाहुणा :
उंदराचं पत्र मीही सांगतो वर्गात, तोंडी. बरं, वर्षाला एक कागद. धडा आधी पूर्ण, कागद नंतर, आणि झेरॉक्स तासानंतर परत घ्यायच्या. याहून जास्त मी मानणार नाही.

करवीरचा मास्तर :
झेरॉक्स परत घेणार नाही. कागद पोरांचा आहे. बाकी मान्य.

आज्जीचा नातू :
आणि मोडीचं काय?

निवृत्त कारकून :
रविवारी सकाळी नऊला या. बोरू मी देतो, आज्जीचा कागद घेऊन या.