भुकेवर वॉक घेतोय नाशिकला, पोरांना त्यातून नेमकं काय कळेल असं करू?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. आमची नि शेजारच्या दोन सोसायट्या मिळून 16 ऑक्टोबरच्या जवळच्या रविवारी गंगापूर रोडला 5 किमीचा चॅरिटी वॉक करायचं चाललंय. 16 ऑक्टोबर म्हणजे जागतिक अन्न दिन, 1945 ला याच तारखेला एफएओ, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना, स्थापन झाली. शाळेची पोरं, आईवडील, आजीआजोबा धरून 200 जण होतील. पैसे आपल्याच जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाणा तालुक्यांकडच्या कुपोषित मुलांसाठी द्यायचेत. पण मला टी-शर्ट घालून चाललो, फोटो काढले नि घरी येऊन पोहे खाल्ले असं नकोय. मुलीने परवा विचारलं, आई इथून दीड-दोन तासावर मुलं उपाशी कशी राहतात, आपल्याकडे तर मार्केटला भाजी फेकून देतात, आणि मला धड उत्तरच देता आलं नाही. तर वाटेत काय ठेवू, परवानगी कुठे, पैसे कसे गोळा करू, कुणाला अनुभव असेल तर सांगा.

रविवारची_पायपीट:
ताई, आधी हद्दीतल्या पोलीस स्टेशनला आणि वाहतूक शाखेला अर्ज द्या, रूट, वेळ, माणसं किती सगळं लिहून, आणि हे निदान तीन आठवडे आधी, शेवटच्या क्षणी गेलात तर रूट बदलायला सांगतात नि बॅनर छापून झालेले असतात. ऑक्टोबर हिट असते, साडेसहाला निघा, साडेआठच्या आत संपवा. पैसे कुणाच्या पर्सनल खात्यावर अजिबात घेऊ नका, किती का विश्वासाचा असेना. नोंदणीकृत ट्रस्ट बघा, 80जी (देणगीवर करसवलतीची मान्यता) असलेली, पावती त्यांचीच. कॅशमध्ये 2000 च्या वर दिलं तर करसवलत मिळत नाही हे आधीच सांगून ठेवा.

नागलीची_भाकर:
मी 22 वर्षं मुख्यसेविका (अंगणवाड्यांवर देखरेख करणारी) होते, त्र्यंबक-पेठ पट्ट्यातच, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमच्या मुलीचा प्रश्न बरोबर आहे, त्याचं उत्तर ताटात कमी आणि कॅलेंडरमध्ये जास्त आहे. नागली-वरई-भात दिवाळीच्या आसपास घरात येतो, तो आषाढ-श्रावणापर्यंत पुरत नाही, कणगी रिकामी होते, आणि नेमकं तेव्हाच पाऊस, लावणीचं काम नि पोरांना जुलाब-ताप. मग दिवाळी झाली की माणसं जगायला जातात. तिकडे असंच म्हणतात, "जगायला गेले". भिवंडी-वसईकडे वीटभट्टीला, नाहीतर दिंडोरी-निफाडला द्राक्षाला. आईबापाबरोबर पोरगंही जातं, गावच्या अंगणवाडीतला आहार तिथेच राहतो. मी सप्टेंबरात वजन वाढवून दिलेलं मूल होळीला परत आलं तेव्हा दंड धरल्यावर माझी बोटं एकमेकांना टेकली होती.

दंडाचा घेर मोजायची पट्टी असते, ती वॉकमध्ये दाखवाच. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाला लावतात, 11.5 सेंमीच्या खाली लाल म्हणजे तीव्र कुपोषण, 12.5 पर्यंत पिवळा, वर हिरवा. कागदाची 11.5 सेंमी घेराची गोल कडी करून प्रत्येक मुलाच्या हातात द्या, त्यांची बोटं जातील तिच्यातून फारतर. मग त्यांना सांगा की हा दंड आहे, चार वर्षाच्या मुलाचा.

आणि एक कळकळीने, बिस्किटं नि दूध पावडर गाडीत भरून नेऊ नका. एका ग्रुपने आमच्याकडे आणली होती, पावडर बाटलीत कालवून पाजली, पाणी विहिरीचं, आठवड्यात चार पोरं जुलाबाने आजारी. तीव्र कुपोषित मुलाला एकदम भरपूर खायला घालूनही चालत नाही, थोडंथोडं नि वारंवार द्यावं लागतं. आधी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना नि त्या भागातल्या अंगणवाडी सेविकेला विचारा काय कमी आहे. बऱ्याचदा वजनकाटा बिघडलेला असतो, नाहीतर मोठं पातेलं नसतं.

खडू_डस्टर:
जिल्हा परिषद शाळेत आहे. वाटेत तराजू ठेवा, खरा, दुकानातला. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य, म्हणजे रोजचे साधारण 167 ग्रॅम. ते पोरांनाच मोजायला लावा. पुढच्या टप्प्यावर शालेय पोषण आहार, पहिली ते पाचवी 100 ग्रॅम तांदूळ नि 20 ग्रॅम डाळ, सहावी ते आठवी 150 आणि 30. आमच्या वर्गात सोमवारी पोरं ताट लवकर चाटून पुसून मोकळं करतात, रविवारी शाळा नसते ना. भाषण कुठेही ठेवू नका, मोजायला दिलं की पोरं आपणहून विचारतात.

गोदाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. मुख्यसेविकाताई, बिस्किटांचे बॉक्स देणारे एक काका ठरले होते, त्यांना आज फोन करून पातेल्यांसाठी विचारलं, ते हो म्हणाले. तराजू कोपऱ्यावरचा किराणावाला देतोय. कडीचं आत्ता मुलीबरोबर करून बघितलं, तिचा हात मुठीपाशीच अडकला, ती बराच वेळ ती कडी हातात घेऊन बसली होती. सोमवारी प्रकल्प कार्यालयात जातेय, काय म्हणाले ते इथेच लिहीन.