प्रोजेक्टर आणि वही

‘प्रोजेक्टर आल्यापासून मुलं वहीच उघडत नाहीत’ हे म्हणणं खरंय, पण त्यात दोष पडद्याचा कमी आणि पीपीटी वाचून दाखवणाऱ्यांचा जास्त. मी ऐरोलीत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. वर्गात ‘फेट’ची (PhET) सिम्युलेशन्स, म्हणजे कम्प्युटरवरचे आभासी प्रयोग, वापरते. नोबेलविजेते कार्ल वायमन यांनी 2002 मध्ये कोलोराडो विद्यापीठात सुरू केलेला हा प्रकल्प आहे, अगदी फुकट. सर्किटच्या सिम्युलेशनमध्ये करंट प्रमाणाबाहेर गेला की बॅटरीतून चक्क ज्वाळा निघतात. मागच्या बाकावरचेही तेव्हा जागे होतात!

मात्र आधी अंदाज वहीत लिहायला लावायचा. दोन सारखे बल्ब सीरिजमध्ये, म्हणजे एकामागोमाग, जोडले तर कुठला जास्त उजळेल? बरेच जण ठामपणे लिहितात, ‘पहिला, करंट आधी त्याला मिळतो.’ मग स्विच दाबला की दोन्ही सारखेच! त्यावर जी वादावादी होते, तोच माझा खरा तास. अंदाज न विचारता नुसतं दाखवलं तर सिनेमा बघितल्यासारखं बघतात आणि विसरतात.

कॉलेजच्या वायफायचा भरवसा नसेल तर सिम्युलेशन आधीच डाउनलोड करून ठेवा, नेटशिवाय चालतं. बरीचशी मराठीतही आहेत.