मदत हवी आहे: डीएनडी स्क्रीनिंग झालेली फाइल सीआरएममध्ये चढत नाही (तातडीचं)

रानडेरोड (शुक्रवार, संध्या. ७:४०)
नमस्कार मंडळी. जरा लवकर उत्तर मिळालं तर उपकार होतील, सोमवारपासून फोन सुरू करायचे आहेत.

दादरला आमचे क्लासेस आहेत, अकरावी-बारावी सायन्सचे. चौकशीला येऊन गेलेल्या पालकांचे नंबर सीआरएममधून (चौकशांच्या नोंदी ठेवायचं आमचं सॉफ्टवेअर) काढून एजन्सीकडे डीएनडी स्क्रीनिंगला (जाहिरातीचे फोन 'नको' असं कोणी नोंदवलंय ते तपासायला) दिले होते. फाइल परत आली. ती आता सीआरएममध्ये टाकायची आहे, म्हणजे ज्यांना असे फोन नकोत त्यांच्या नावापुढे खूण दिसेल आणि आमचे काउन्सेलर त्यांना फोन करणार नाहीत. इम्पोर्ट केलं की 'यशस्वी' येतं, पण जुन्या नोंदींवर खूण नाही. उलट त्याच पालकांच्या नव्या नोंदी तयार होतात. नावांच्या जागी प्रश्नचिन्हं. तारखेचा रकानाही विचित्र दिसतोय. सगळं करून बघितलं. काय चुकतंय?

तक्तेवाला (७:५२)
कुठला सीआरएम? फाइल सीएसव्ही (साधी मजकूर-फाइल) आहे की एक्सेल? जुनी नोंद ओळखण्यासाठी कुठला रकाना लावलाय? सीआरएममध्ये नंबर +९१ सकट आहेत की नुसते दहा अंकी? हे कळल्याशिवाय सगळे अंदाजच होतील. फाइलच्या चार-पाच ओळी टाका, नंबर झाकून.

हेमांगी_ठाणे (८:०५)
झोहो सीआरएम घ्या. आम्ही दोन वर्षांपूर्वी घेतलं. इम्पोर्ट करताना 'नवीन टाका', 'जुनं अपडेट करा' की 'दोन्ही' ते सरळ विचारतं. चुकलं तर इम्पोर्ट हिस्ट्रीतून मागेही घेता येतं. तुमचा प्रश्न तिथे आलाच नसता.

रानडेरोड (८:११)
ताई, सोमवारच्या आत सीआरएम कसा बदलू? आमचा इथल्याच एका व्हेंडरने बनवून दिलेला आहे, नाव सांगून कोणाला कळणार नाही. जुळवणी मोबाइल नंबरवरच लावली आहे, दुसरी कशावर लावणार? फाइल सीएसव्ही आहे.

तक्तेवाला (८:१५)
आणि चार ओळी?

लालबागची_आई (८:२०)
मला वेगळंच विचारायचं आहे. माझा मुलगा नुकता दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालाय आणि दिवसाला चार-पाच क्लासेसचे फोन येतात. तुम्हा लोकांना आमचे नंबर मिळतात कुठून? मी एकाही क्लासमध्ये पाऊल ठेवलेलं नाही.

रानडेरोड (८:३४)
आमच्याकडचे सगळे नंबर आमच्याच सेमिनारचे आणि स्कॉलरशिप टेस्टच्या फॉर्मवरचे आहेत, विकत घेतलेला एकही नाही. आणि तुमच्यासारख्यांना त्रास होऊ नये म्हणूनच हा सगळा खटाटोप चाललाय.

@तक्तेवाला, घ्या (नंबर, नाव, डीएनडी, तारीख; वाय म्हणजे डीएनडीत नोंद आहे, एन म्हणजे नाही):
९.१९८७७ई+११ | ???? | वाय | ०
९.१९९३ई+११ | स्वाती | वाय | ०२-मार्च
९.१९७६९ई+११ | ???? ???? | वाय | ०३-जुलै
९.१९८२१ई+११ | अमोल | एन | (रिकामं)

स्वाती, अमोल ही नावं फाइलमध्ये इंग्रजीत आहेत. मराठीत भरलेल्यांची प्रश्नचिन्हं झाली. आणि ती तारीख बघा! आत्ता एप्रिल चालू आहे, ०३-जुलैला स्क्रीनिंग कसं होईल?

तक्तेवाला (८:४१)
आता उलगडलं. ही फाइल कोणीतरी एक्सेलमध्ये उघडून परत सीएसव्ही म्हणून सेव्ह केली आहे. ९१ लावलेला नंबर बारा अंकी होतो. बारा अंकी आकडा एक्सेल साध्या रकान्यात ९.१९८७७ई+११ असा दाखवतं, आणि सीएसव्ही सेव्ह करताना जे दिसतं तेच लिहितं. मागचे अंक त्या फाइलमध्ये उरलेलेच नाहीत, रकाना रुंद करून किंवा फॉरमॅट बदलून ते परत येणार नाहीत. मराठी नावांचंही तेच. यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या सांभाळणारी अक्षरपद्धत) न निवडता साधी सीएसव्ही सेव्ह केली की देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. या फाइलवर आणखी वेळ घालवू नका. एजन्सीकडून मूळ फाइल मागवा, कोणीही न उघडलेली.

पायथॉन_परळ (८:५०)
सहमत. आणि नवीन फाइल आली की एक्सेल बाजूलाच ठेवा. पायथॉनमध्ये पांडाज ही तक्त्यांची लायब्ररी वापरून सगळे रकाने मजकूर म्हणून वाचायचे. दहा ओळींचा प्रोग्रॅम आहे, मी लिहून देतो. ज्या कामात एक अंक इकडचा तिकडे झाला तर भलत्या माणसाला फोन जातो, तिथे एक्सेल वापरूच नये.

तक्तेवाला (८:५८)
त्यांना सोमवारी फोन सुरू करायचेत. त्यांच्या ऑफिसात पायथॉन बसवून कोण देणार? एक्सेलमध्येही 'डेटा' टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही'ने फाइल घ्यायची, नंबरचा रकाना 'टेक्स्ट' करायचा, एवढंच. फाइलवर डबल क्लिक तेवढं करायचं नाही.

पायथॉन_परळ (९:०४)
आणि एखाद्या दिवशी घाईत कोणी डबल क्लिक केलं की सगळं परत पहिल्यापासून. प्रोग्रॅम घाईत चुकत नाही.

नीरजा_मुलुंड (९:१०)
दोघांच्या मधला मार्ग: लिब्रेऑफिस कॅल्क. फुकट आहे. सीएसव्ही उघडली की आधी खिडकी येते, तिथेच रकाना 'टेक्स्ट' करता येतो आणि यूटीएफ-८ निवडता येतं.

@रानडेरोड, तारखेच्या त्या रकान्याचं शीर्षक काय आहे हो? एजन्सीने लिहिलेलं जसंच्या तसं सांगा.

रानडेरोड (९:१६)
नुसतं 'प्रेफ' लिहिलंय. पण आत तारखा आहेत ना.

नीरजा_मुलुंड (९:२१)
त्या तारखा नाहीत! प्रेफ म्हणजे प्रेफरन्स. ग्राहक डीएनडीत नुसतं 'फोन नको' एवढंच नोंदवत नाही, कुठल्या प्रकारचे नकोत तेही नोंदवतो. ० म्हणजे सगळंच बंद. १ बँक-विमा-वित्त, २ घरं-जागा, ३ शिक्षण, ४ आरोग्य, ५ ग्राहकोपयोगी वस्तू आणि गाड्या, ६ दूरसंचार-मनोरंजन-आयटी, ७ पर्यटन, ८ खाद्यपेयं. मूळ फाइलमध्ये '२-३' असं असणार. एक्सेलने त्याचा २ मार्च केला. '३-७' चा ३ जुलै.

ताडून बघा. तीन आकड्यांचं असेल तर २००७ सारखी जुनी वर्षं दिसतील. चार आकडे असतील तर एक्सेलला त्यात तारीख दिसत नाही, ते तसंच राहिलं असेल.

रानडेरोड (९:२९)
बरोबर! ०२-०३-२००७ आहे बऱ्याच ठिकाणी. आणि काही ठिकाणी १-२-३-७ पण आहे. ते मी टायपिंगची गडबड समजत होतो. खूप खूप आभार.

जीवशास्त्र_शिक्षक (९:३६)
एक्सेलच्या या सवयीमुळे जनुकांची नावं बदलावी लागली आहेत. 'मार्च१', 'सेप्ट१' अशी नावं लिहिली की एक्सेल त्यांच्या तारखा करायचं आणि शोधनिबंधांच्या तक्त्यांत त्या तशाच छापून यायच्या. शेवटी नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये ती 'मार्चएफ१', 'सेप्टिन१' अशी केली.

लालबागची_आई (९:४१)
म्हणजे मी फक्त क्लासेसचे फोन बंद करू शकते? बँकेचे ओटीपी त्यात बंद होतील का?

नीरजा_मुलुंड (९:४५)
ओटीपी आणि व्यवहाराचे मेसेज बंद होत नाहीत, डीएनडी जाहिरातीपुरतं असतं. १९०९ वर फोन लावा किंवा ट्रायचं (दूरसंचार नियामक) डीएनडी अॅप घ्या, तिथे फक्त शिक्षण बंद करता येतं. सगळंच नको असेल तर १९०९ वर 'स्टार्ट ०' असा मेसेज इंग्रजीत पाठवायचा. त्यानंतरही फोन आला तर तक्रार करा. नियमांच्या फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीपासून तक्रारीला सात दिवस मिळतात, आधी तीनच होते.

टेलिकॉलर_जुना (९:५८)
सगळे फाइलमध्येच अडकलात. फोन कुठल्या नंबरवरून करणार ते आधी सांगा. काउन्सेलरच्या साध्या दहा अंकी मोबाइलवरून जाहिरातीचे फोन केले तर स्क्रीनिंग केलेलं असूनही तो नियमभंगच आहे. त्यासाठी १४० ने सुरू होणाऱ्या नंबरांची मालिका आणि नोंदणी लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने दूरसंचार कंपन्यांना सांगून टाकलंय की नोंदणी नसलेल्या अशा कॉलरची सगळी कनेक्शनं तोडा, दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाका. आणि आता दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी कारवाई होते.

रानडेरोड (१०:०३)
हा माझा प्रश्न नव्हता हो. १४० ची लाइन आहे, एजन्सीमार्फत. प्रश्न फाइलचा आहे.

टेलिकॉलर_जुना (१०:०७)
मग फाइलचंच सांगतो, कारण इथे भलतं होऊ शकतं. प्रेफमधला ३ म्हणजे 'शिक्षण बंद' की 'शिक्षण चालू'? ट्रायच्या २०१० च्या नियमांत 'स्टार्ट ३' चा अर्थ बाकी सगळं बंद, शिक्षणाचे मेसेज तेवढे येऊ द्या, असा होता. २०१८ च्या नियमांत ग्राहक बंद करायचे प्रकार निवडतो. तुमच्या एजन्सीने रकान्यात कोणता अर्थ धरलाय ते लेखी विचारा. उलटा लागला तर ज्यांनी नको म्हटलंय नेमक्या त्यांनाच फोन जातील.

तक्तेवाला (१०:१२)
हे फार महत्त्वाचं आहे. उत्तर येईपर्यंत ज्याच्यापुढे 'वाय' आहे तो बंद, असं धरा.

हेमांगी_ठाणे (१०:१८)
एवढं कशाला? ज्याने फक्त घरांचे फोन बंद केलेत त्याला क्लासचा फोन गेला तर काय बिघडलं? हंगामात अर्धी यादी हातची जाईल.

टेलिकॉलर_जुना (१०:२२)
बिघडत नाही, नियमात बसतं. पण अर्थ नक्की झाल्यावर. दोन दिवसांनी यादी थोडी वाढवता येईल, पण गेलेला फोन परत घेता येत नाही.

रानडेरोड (शनिवार, दु. १२:३५)
मूळ फाइल आली. नंबर पूर्ण आहेत, ९१ लावून बारा अंकी. प्रेफमध्ये २-३ असंच आहे. प्रेफच्या अर्थाबद्दल मेल केलाय, तोपर्यंत सगळे 'वाय' बंद. पण कॅल्कमधून टेक्स्ट करून टाकली तरी नव्या नोंदीच तयार होतायत!

तक्तेवाला (१२:४८)
काल विचारलं होतं ते राहिलंच. सीआरएममध्ये नंबर कसे आहेत?

रानडेरोड (१२:५५)
ज्याने जसे भरले तसे. काही दहा अंकी, काही आधी शून्य लावून, काही मध्ये जागा सोडून. आणि बऱ्याच ठिकाणी एकाच पालकाच्या नंबरवर दोन भावंडं आहेत.

तक्तेवाला (१:१०)
मग नंबरवर जुळणारच नाही. सीआरएम अक्षर न् अक्षर ताडून बघतो, आपल्याला दिसणारा सारखेपणा त्याला दिसत नाही. शिवाय स्क्रीनिंग माणसाचं होत नाही, नंबरचं होतं. एका नंबरवर दोन भावंडं असतील तर दोन्ही नोंदींवर खूण यायला हवी.

म्हणून उलट्या बाजूने जा. सीआरएममधून सगळ्या नोंदी परत काढा, यावेळी नोंदीचा आयडी सकट. दोन्ही फाइलमध्ये एक नवा रकाना करा: नंबरमधल्या जागा आणि रेघा काढायच्या, मग उजवीकडचे दहा अंक ठेवायचे. त्यातून +९१, ९१, शून्य सगळं गळून पडतं. मग सीआरएमच्या प्रत्येक ओळीसाठी स्क्रीनिंगच्या फाइलमध्ये शोध घ्या, व्हीलुकअप या सूत्राने. अशाने दोन्ही भावंडांना आपापली खूण मिळेल. सीआरएममध्ये टाकायच्या फाइलमध्ये तीनच रकाने ठेवा: आयडी, डीएनडी, स्क्रीनिंगची तारीख. जुळवणी आयडीवर. नाव टाकूच नका, म्हणजे मराठी नावं बिघडायचा प्रश्नच राहत नाही.

सेल्सफोर्स_अंधेरी (१:२२)
छान पद्धत, पण आयडी वापरताना एक धोका असतो. सेल्सफोर्स या सीआरएममध्ये पंधरा अक्षरी आयडीत इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांचा फरक असतो आणि व्हीलुकअप तो फरक मानत नाही, भलतीच नोंद जुळते. तिथे अठरा अक्षरीच वापरावा. तुमचा आयडी नुसत्या अंकांचा आहे का बघून घ्या.

तक्तेवाला (१:२७)
शोध नंबरवर घ्यायचाय, आयडी नुसता सोबत येतोय. तुम्ही म्हणताय ते इथे लागू नाही.

सेल्सफोर्स_अंधेरी (१:३१)
इथे नसेल. पुढे कोणी हीच पद्धत आयडीवर शोध घेऊन वापरेल म्हणून लिहिलं.

नीरजा_मुलुंड (१:४०)
टाकण्याआधी दोन गोष्टी. नवी नोंद आली की आपोआप स्वागताचा मेसेज जायची सोय असेल तर ती बंद करा, नाहीतर सगळ्या यादीला मेसेज जाईल. आणि इम्पोर्टमध्ये 'फक्त जुनं अपडेट' निवडा. आधी दहा ओळी टाकून, सीआरएममध्ये त्या दहा उघडून डोळ्यांनी बघा.

तारीख विसरू नका. ग्राहक पसंती कधीही बदलू शकतो, त्यामुळे महिन्याभरापूर्वीचं 'एन' आजचं धरता येत नाही.

रानडेरोड (संध्या. ६:०५)
झालं! दहा ओळींवर बघितलं, मग सगळी फाइल टाकली. भावंडांच्या दोन्ही नोंदींवर खूण आली. तारीखही लागली. @तक्तेवाला, @नीरजा_मुलुंड, मनापासून आभार. प्रोग्रॅम देऊ केल्याबद्दल पायथॉन_परळ यांचेही. ज्यांना फोन नको आहेत त्यांना सोमवारी आमच्याकडून एकही जाणार नाही, ही माझ्यासाठी मोठी गोष्ट आहे.

फक्त आधीच्या इम्पोर्टमधून तयार झालेल्या दुबार नोंदी पडून आहेत. त्या कशा काढू?

तक्तेवाला (६:१८)
'तयार झाल्याची तारीख' हा फिल्टर लावा, कालपासूनच्या नोंदी काढा आणि ज्यांचा नंबर ई+११ च्या रूपात किंवा बारा अंकी आहे तेवढ्या निवडा. शनिवारी कोणी खरी नवी चौकशी भरली असेल तर तिचा नंबर बहुधा दहा अंकी असेल, ती वगळा. निवडलेल्या आधी एक्सपोर्ट करून ठेवा, मग डिलीट. आणि हे सोमवारच्या आधीच करा, कारण त्या दुबार नोंदींवर डीएनडीची खूण नाही. काउन्सेलरच्या यादीत त्या आल्या तर फोन लागेल.