हिपॅटायटिस ए ची लस : निरोगी प्रौढाला दुसरा डोस हवाच का?

आडवाट (धागाकर्ती)
तीन वर्षांपूर्वी केरळला जाण्याआधी मी हिपॅटायटिस ए च्या निष्क्रिय (मृत विषाणूपासून बनवलेल्या) लसीचा एक डोस घेतला होता. कार्डावर दुसऱ्या डोसची तारीख पेन्सिलने लिहिलेली होती आणि ती कधी उलटून गेली हे माझ्या लक्षातही राहिले नाही. गेल्या आठवड्यात कार्ड घेऊन दवाखान्यात गेले, तर "आता पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागेल" असे उत्तर मिळाले. घरी येऊन वाचत बसले आणि माझे मत उलटेच झाले. माझ्यासारख्या चाळिशीच्या आतल्या निरोगी माणसाला मुळात दुसऱ्या डोसची गरजच नसावी.

प्रौढांचा १४४० युनिटांचा एकच डोस घेतल्यावर महिन्याभरात जवळजवळ सर्वांच्या रक्तात पुरेशी प्रतिपिंडे (अँटीबॉडी) दिसतात. न्यूयॉर्क राज्यातील मन्रो येथील सुमारे हजार मुलांवरील चाचणी १९९२ साली प्रसिद्ध झाली. तीत लस न घेतलेल्या गटात पंचवीस मुलांना कावीळ झाली, तर एक डोस घेतलेल्या गटात, सुरुवातीचे काही आठवडे वगळता, एकालाही नाही. अर्जेंटिनाने २००५ पासून एक वर्षाच्या बालकांना एकच डोस देण्याचा कार्यक्रम चालवला आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१२ साली एका डोसाचा पर्याय विचारात घेण्याजोगा मानला. मग दुसरा डोस ही केवळ सवय नव्हे काय?

नीरक्षीर
असहमत. आपण दिलेले दोन्ही दाखले लहान मुलांचे आहेत आणि प्रश्न मात्र प्रौढांचा विचारला आहे. वय वाढते तसा पहिल्या डोसाला मिळणारा प्रतिसाद मंदावतो. म्हणूनच लगेच प्रवासाला निघणाऱ्या चाळिशीपुढील व्यक्तीला लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) देण्याचा विचार अमेरिकेत केला जातो. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसाबद्दल जे म्हटले, ते राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमांचा खर्च आणि साठा डोळ्यांपुढे ठेवून. स्वतःच्या खिशातून लस घेणाऱ्या एका व्यक्तीचा हिशेब वेगळा असतो. निष्क्रिय लसींच्या मूळ वेळापत्रकांत दुसरा डोस आहेच, हॅवरिक्स या ब्रँडचा सहा ते बारा महिन्यांनी, तर वॅक्टाचा सहा ते अठरा महिन्यांनी. त्या डोसानंतर प्रतिपिंडांची पातळी कित्येक पटींनी उसळते. संरक्षण पंचवीस वर्षे वा त्याहून अधिक टिकेल, हा जो अंदाज सर्वत्र सांगितला जातो, तो दोन डोस घेतलेल्यांचा आहे.

आपल्या दवाखान्याने मात्र चुकीचेच सांगितले. स्वीडनमधील प्रवाशांना चार ते आठ वर्षांनी दुसरा डोस दिला, तेव्हाही उत्तम प्रतिसाद मिळाला. राहिलेला एक डोस घ्यावा, इतकेच. मालिका पुन्हा सुरू करण्याचे कारण नाही.

घाटमाथा
या वादात एक गफलत हमखास होते. हिपॅटायटिस ए आणि बी ची जी संयुक्त लस असते, तिच्या एका डोसात ए चे ७२० युनिट असतात, म्हणजे नेहमीच्या प्रौढ डोसाच्या निम्मे. त्यामुळे तिचा एक डोस घेऊन "माझा ए चा एक झाला" असे म्हणता येत नाही. तिचे नेहमीचे वेळापत्रक आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी असे तीन डोसांचे आहे. मला परदेशी नोकरीवर रुजू व्हायला चार आठवडेच उरले होते, म्हणून मी आज, सातव्या दिवशी आणि एकविसाव्या दिवशी असे घाईचे वेळापत्रक घेतले. त्यात वर्षाने चौथा डोस घ्यावा लागतो, हे अनेकांना शेवटपर्यंत कळत नाही.

आडवाट
@नीरक्षीर, मुलांचे दाखले प्रौढांना लावले, ही चूक मान्य. परंतु प्रतिपिंडांची पातळी म्हणजे संपूर्ण संरक्षण नव्हे. या आजाराचा उबवण काळ, म्हणजे संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचा अवधी, सरासरी अठ्ठावीस दिवसांचा आहे. तेवढ्या अवधीत प्रतिकारशक्तीची स्मृती जागी होऊन विषाणूला आवरू शकते, मग पातळी खाली गेलेली असली तरी काय बिघडले? त्यातही महाराष्ट्रात वाढलेल्या माझ्या आधीच्या पिढीला लहानपणीच हा संसर्ग होऊन गेलेला असतो. त्यांनी दुसराच काय, पहिला डोसही रक्ततपासणीशिवाय का घ्यावा? मीदेखील आता तपासणी करून घेते. प्रतिपिंडे दिसली तर विषय संपला.

नीरक्षीर
पहिल्या डोसाआधी तपासणी करावी, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पन्नाशीच्या माणसाचा लसीचा खर्च त्यात वाचू शकतो, आणि ज्याला संसर्ग झालेलाच नाही त्याने तर त्या वयात लस जरूर घ्यावी, कारण मुलांत कित्येकदा लक्षणांविना सरणारा हा आजार पन्नाशीनंतर प्राणावर बेतू शकतो. दुसरा डोस टाळण्यासाठी तपासणी करणे मात्र निरुपयोगी. लसीने निर्माण होणारी प्रतिपिंडे संसर्गानंतरच्या पातळीपेक्षा बरीच कमी असतात आणि बाजारातल्या नेहमीच्या तपासणीत ती निसटू शकतात. अहवाल "निगेटिव्ह" आला, तर संरक्षण असूनही आपण घाबराल. "पॉझिटिव्ह" आला, तर ते किती वर्षे टिकेल हे त्यातून कळणार नाही. स्मृतीचा मुद्दा खरा आहे, पण एका डोसानंतर प्रौढांत ती किती दशके पुरते, याची खात्री दोन डोसांइतकी भक्कम नाही.

घाटमाथा
जाता जाता : इचलकरंजीत २०१२ साली पसरलेली कावीळ हिपॅटायटिस ई ची होती. ए चे दोन्ही डोस घेतलेल्यालाही तीपासून संरक्षण नव्हते, तेव्हा पाणी उकळणे कोणी सोडू नये.

आडवाट
शनिवारी दुसऱ्या दवाखान्यात जाऊन राहिलेला डोस घेते. चाळिशीच्या आत एक पुरतो, हे माझे मत मात्र अजून कायम आहे. या वेळी लसीचे नाव आणि बॅच क्रमांक कार्डावर शाईने लिहून घेणार आहे, कारण मागची पेन्सिल इतकी पुसट झाली आहे की तीन वर्षांपूर्वी नक्की कोणती लस टोचली, हेच कार्डावरून वाचता येत नाही.

घाटमाथा
मग आधी जुनी पावती शोधा. ती संयुक्त लस निघाली, तर शनिवारच्या डोसाने काम भागणार नाही.