गाडीच्या चार्जिंगची लाईन : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

सचिव : नमस्कार. स्टिल्टमध्ये (इमारतीखालच्या खांबांमधील पार्किंगमध्ये) विजेची गाडी चार्ज करण्यासाठी परवानगी मागणारे तीन अर्ज समितीकडे आले आहेत. रविवारच्या बैठकीपूर्वी सभासदांनी आपले म्हणणे येथे मांडावे.

बी-१०२ : सचिवसाहेब, तिन्हींपैकी एक अर्ज माझा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. गेल्या पावसाळ्यात मी गॅलरीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडून स्कूटर चार्ज करत असे. जुलैतील एका रात्री जळका वास आला म्हणून खाली धावलो, तर सॉकेटचे एक भोक तपकिरी पडले होते, त्याचे प्लॅस्टिक वितळून पिनेला चिकटले होते आणि प्लगला हात लावणे अशक्य झाले होते. सैल बसलेला प्लग, बारीक वायर आणि ओल, एवढ्याने ते घडले. स्कूटरचा भार तसा कमीच. मोटारीचा चार्जर १५ अँपिअरच्या सॉकेटवर सुमारे ३ किलोवॅट ओढतो. गिझर तेवढाच भार घेत असला तरी वीस मिनिटांत बंद होतो, मोटार मात्र तोच भार सलग आठ-दहा तास ओढू शकते. म्हणून घरात गिझर चालतो तर गाडीही चालेल, हा हिशोब चुकतो.

माझी विनंती अशी की, कोणीही गॅलरीतून वायर सोडू नये आणि प्रत्येकाने मीटर रूममधील स्वतःच्या मीटरवरून आपल्या पार्किंगपर्यंत वेगळी लाईन घ्यावी. तिच्यावर दुसरा एकही पॉइंट नसावा, वायर तांब्याची किमान ४ चौरस मिलिमीटरची असावी आणि सुरुवातीलाच एमसीबी (जास्त भार आल्यास वीज तोडणारा स्विच) व ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असावा. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांतही चार्जिंगसाठी वेगळे सर्किट सांगितले आहे, एक्स्टेन्शन वापरण्यास मनाई आहे आणि सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच बसवण्याची अट आहे. पावसात आपल्या स्टिल्टमध्ये तांबडे पाणी कुठवर चढते ते सर्वांनी पाहिले आहे, त्यामुळे ही उंची आपल्याला किती आवश्यक आहे हे वेगळे सांगायला नको.

अर्थिंगकडे मात्र विशेष लक्ष द्यावे लागेल. आपली इमारत जांभ्यावर उभी आहे आणि जांभा उन्हाळ्यात कोरडा पडला की त्यातून वीज जमिनीत नीट उतरत नाही. ऑगस्टमध्ये उत्तम दिसणारे अर्थिंग मे महिन्यात कमकुवत असू शकते, म्हणून मोजणी मे महिन्यात, पहिल्या पावसाआधी करून घ्यावी.

ए-००१ : बाबा, तुझे म्हणणे पटले, पण एवढा खर्च प्रत्येकाने कशाला करायचा? सोसायटीच्या कॉमन मीटरवर एकच सॉकेट बसवून महिन्याला ठरावीक रक्कम घेतली तर?

बी-१०२ : काका, ठरावीक रकमेत कमी फिरणारा जास्त फिरणाऱ्याचे पैसे भरतो आणि वर्षभरात त्यावरून भांडण होते. शिवाय लिफ्ट आणि पंप ज्या लाईनवर आहेत तिच्यावर हा भार टाकणे मला धोक्याचे वाटते.

स्वतःच्या मीटरवर खर्चाचा अंदाज लगेच येतो. फोंडा ते पणजी जाऊन-येऊन साधारण ६० किलोमीटर होतात आणि लहान मोटार एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते, म्हणजे रोज नऊ-दहा युनिट. एवढी वीज १५ अँपिअरच्या सॉकेटवर तीन-साडेतीन तासांत भरते, त्यामुळे ७ किलोवॅटचा वॉलबॉक्स (भिंतीवर बसवायचा जलद चार्जर) घेऊन त्यासाठी जाड केबल टाकण्याची आपल्यापैकी बहुतेकांना गरज नाही. बचत खरी इथेच आहे.

एक गोष्ट मात्र आधी तपासावी. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर बिलात सुमारे २४० युनिट वाढतात आणि घरगुती दर टप्प्यांचे असल्यामुळे ती युनिटे वरच्या टप्प्यात जातात. त्यामुळे चार्जिंगसाठी वेगळी जोडणी परवडते का, ते आपापले बिल समोर ठेवून पाहावे. २०२४ मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार ग्राहकाला अशी जोडणी मागता येते. जुन्याच मीटरवर लाईन घेणाऱ्यांनी वीज खात्याकडून मंजूर भार (जोडणीवर वापरायला परवानगी असलेले किलोवॅट) वाढवून घ्यावा.

बी-२०३ : भाऊजी, आमच्या स्कूटरची बॅटरी काढून वर आणता येते. ती घरात चार्ज केली तर चालेल ना?

बी-१०२ : वहिनी, चालेल, पण मुख्य दाराजवळ किंवा जिन्यात कधीही ठेवू नका, कारण आग लागलीच तर बाहेर पडायची वाट तीच असते. बॅटरी उघड्या फरशीवर ठेवा, गादी-सोफ्यापासून आणि गॅसपासून लांब. चार्जर कंपनीनेच दिलेला हवा. उन्हातून आल्यावर बॅटरी थंड होऊ द्या आणि सर्वजण झोपल्यावर ती लावून ठेवू नका.

ए-००१ : ठीक आहे. केबल भिंतीवरून कशाही लोंबकळणार नाहीत याची हमी मिळाली तर माझी हरकत नाही.

बी-१०२ : काका, त्यासाठीच समितीने मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत केबली ठेवण्याचा एकच ट्रे आताच ठरवून द्यावा, म्हणजे पुढे येणाऱ्या गाड्यांच्या केबलीही त्यातूनच जातील. ट्रेच्या खर्चातील माझा वाटा मी देईन.

सचिव : शनिवारी संध्याकाळी ४ वाजता परवानाधारक कंत्राटदार मीटर रूम पाहायला येतील. तिन्ही अर्जदारांनी पार्किंगचा क्रमांक आणि शेवटचे वीज बिल घेऊन खाली यावे.