हेल्मेटमधील स्पीकरवर गाणी ऐकत स्कीइंग करावे का?

झ्युरिकवासी

नमस्कार. गेली चार वर्षे मी कामानिमित्त झ्युरिकला राहतो आणि हिवाळ्यात जमेल त्या शनिवारी स्कीइंगला जातो. मूळचा सांगलीचा असल्यामुळे बर्फाशी ओळख तिशीनंतरच झाली. निळ्या म्हणजे सोप्या उतारांवर मी निर्धास्त असतो, लाल म्हणजे मध्यम कठीण उतारांवर मात्र अजून जपूनच उतरतो. यंदा हेल्मेटमध्ये बसणारे ब्लूटूथ स्पीकर घेतले. कानावरच्या गादीच्या अस्तराला छोटी चेन असते, ती उघडून बिस्किटाएवढी चकती आत सरकवली की काम झाले. गाणे सुरू असले की वळणांना लय येते, मांड्यांतला ताठरपणा जातो आणि भीतीही कमी वाटते, हा माझा अनुभव आहे.

मात्र गेल्या शनिवारी दोन उतार एकत्र येतात त्या जागी मागून आलेल्या एका मुलीने दिलेली हाक मला मुळीच ऐकू आली नाही. मी डावीकडे वळलो आणि तिची स्की माझ्या स्कीच्या मागच्या टोकावर चढली. दोघेही पडलो, पण सुदैवाने कोणाला लागले नाही. तिचे वडील जवळ आले, माझ्या हेल्मेटकडे पाहून त्यांनी "गाणी ऐकत होतात का?" एवढेच विचारले, आणि तो प्रश्न अजून मनातून जात नाही. चूक माझी होती का? आवाज कमी ठेवला तर चालेल, की उतारावर गाणी बंदच करावीत?

इन्सब्रुककर

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने उतारावरील वर्तनाचे दहा नियम 1967 साली घालून दिले आणि आल्प्समधील न्यायालये अपघाताचा निवाडा करताना त्यांचाच आधार घेतात. त्यांतला तिसरा नियम स्पष्ट आहे: मागून येणाऱ्याने पुढच्याला धोका होणार नाही अशी वाट निवडावी. त्यामुळे केवळ या नियमापुरते पाहिले तर जबाबदारी प्रथम त्या मुलीवर येते. पण पहिला नियम इतरांना धोका होईल असे कोणीही वागू नये असे सांगतो, आणि तो तुम्हालाही लागू आहे. उतार एकत्र येतात तिथे सगळेच एकमेकांचा कानोसा घेत असतात, हे विसरता येणार नाही.

आवाज "कमी" म्हणजे किती, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. वेगाने उतरताना वाऱ्याचा घोंघाट असतो, गाणे दबते आणि आपण नकळत आवाज वाढवतो. त्यातून जाड हातमोज्याने बटण दाबताना तो एका पायरीऐवजी तीन पायऱ्या चढतो. उताराच्या तळाशी थांबल्यावर लिफ्टच्या रांगेत मागच्या माणसाचे बोलणे नीट समजले नाही, तर वर तुम्ही जवळजवळ बहिरे होऊन उतरत होता असे समजा. मी स्वतः गाणी फक्त चेअरलिफ्टवर ऐकतो आणि उतरायच्या आधी बंद करतो.

व्हिसलरची स्नोबोर्डर

इन्सब्रुककरांशी मी बव्हंशी सहमत आहे. स्नोबोर्डवर आडवे उभे राहतात आणि माझा डावा पाय पुढे असतो, म्हणजे माझी पाठ कायम उताराच्या डाव्या बाजूला असते आणि बोर्डच्या टाचांकडच्या कडेवर वळताना तिकडचे मला काहीही दिसत नाही. त्या बाजूची खबर मला कानच देतात. सकाळच्या कडक बर्फावर मागून येणाऱ्या बोर्डची कड खरवडल्याचा आवाज स्पष्ट येतो, आणि तो वाढतो आहे की दूर जातो आहे यावरून मी वळण पुढे ढकलते. ताज्या भुसभुशीत बर्फात मात्र हा आवाज जवळजवळ येतच नाही, म्हणून तिथे कोणाची हाक ऐकू येणे अधिकच मोलाचे.

एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण अनेक जण एकाच कानाचा स्पीकर चालू ठेवण्याचा सल्ला देतात. आवाज कुठल्या दिशेने आला हे आपल्याला दोन्ही कानांत तो पोहोचण्याच्या सूक्ष्म फरकावरून कळते. एका कानात गाणे भरले की हाक ऐकू येते, पण डावीकडून की उजवीकडून ते चटकन उमगत नाही, आणि माणूस नेमका चुकीच्या बाजूला सरकतो.

गुलमर्गचा वारकरी

मी पुण्याहून दर फेब्रुवारीत गुलमर्गला जातो. तिथे गोंडोलाच्या (केबल कारच्या) दुसऱ्या टप्प्याने 3,900 मीटरहून अधिक उंचीवर अफरवत शिखराच्या खांद्यावर पोहोचता येते आणि खाली आखलेल्या वाटांबाहेरचा मोकळा बर्फ असतो. फेब्रुवारी 2023 मध्ये तिथल्याच हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीअर दगावले. अशा ठिकाणी गाण्याचा प्रश्नच येऊ नये असे मला मनापासून वाटते. पायाखालचा बर्फाचा कमकुवत थर खचला की "धप्प" असा दबका आवाज होतो, आणि तो उतार सोडण्याची ती सूचना असते.

शिवाय बर्फाखाली गाडलेल्याला शोधणारे यंत्र 457 किलोहर्ट्झवर चालते. जवळची विद्युत उपकरणे त्यात अडथळा आणतात, म्हणून ती एरवी 20 सेंटिमीटर आणि शोध घेताना 50 सेंटिमीटर तरी दूर ठेवावीत असा दंडक आहे. शोध सुरू झाला की माणूस वाकून यंत्र बर्फालगत धरतो आणि हेल्मेट त्याच्या अगदी जवळ येते, हे लक्षात घ्या.

झ्युरिकवासी

सर्वांचे मनापासून आभार. तिसऱ्या नियमाचा आधार मिळाला तरी ती हाक मला ऐकू यायला हवी होती, हे मला पटले आहे. काल दोन्ही चकत्या काढल्या आणि गादीत मुळात असलेला फोमचा गोल तुकडा परत बसवला, कारण पोकळी राहिली तर हेल्मेट कानाशी सैल पडते. येत्या शनिवारी लाल उतारावर गाण्याशिवाय मांड्या सैल ठेवता येतात का, ते पाहून इथे कळवीन.